प्राची बरी झाली तर

"घरी जसे बसता तसेच बसा," रुबिना मॅडम म्हणाल्या.

मेहकरच्या दवाखान्यातली ती समुपदेशनाची खोली. तुळशीरामनं एक खुर्ची ओढली, सोजराबाईनं दुसरी, आणि प्राची कुणी न सांगता दोघांच्या मधे जाऊन बसली. तुळशीरामची आई, अंबूबाई, दाराशीच टेकली. बसून झाल्यावर तुळशीरामच्या लक्षात आलं, की तो आणि बायको दोघंही पोरीकडं तोंड करून बसले आहेत. एकमेकांना बघायचं तर तिच्या डोक्यावरून मान उंचवावी लागत होती.

नववीतली पोर. दिवाळीपासून तिला झटके येत होते. बोटं वळायची, डोळे वर जायचे आणि असेल तिथं ती कोसळायची. अंबूबाई कांदा फोडून नाकाशी धरायची. शेगावला महाराजांच्या पायावर घालून झालं, अकोल्याला डोक्याच्या तपासण्या झाल्या. सगळं साफ निघालं, तेव्हा डॉक्टरांनी इकडं पाठवलं, आणि तेही साऱ्या घराला. दुखणं पोरीचं अन् वरात सगळ्यायची, असं अंबूबाई बसमध्ये जानेफळपासून पुटपुटत आली होती.

पहिला झटका कधी आला, हे मॅडमनी विचारलं. सोजराबाईनं खाली मान घालून सांगितलं. सासू-सुनेचं वाजलं की तुळशीराम अंगणातली पिठाची चक्की सुरू करायचा, दळण असो वा नसो. पट्ट्याच्या खडखडाटात त्याला काही ऐकू येत नसे. त्या दिवशीही चक्की चालू होती. सोजराबाई पिशवी भरून सोनाळ्याला, माहेरी, कायमची निघाली आणि प्राची दारातच पडली. पिशवी तशीच राहिली. पुढं घरात आवाज चढू लागला की पोर पडायची. मग भांडणही थांबायचं आणि जाणंही.

अंबूबाईनं विचारलं, "म्हंजे पोरगी ढोंग करून राह्यली काय?"

"नाही, आजी. तिले ठाऊकही नसन. घर खाटेच्या सुतळीसारखं असते. एकीकडं भार पडला की दुसरीकडं ताण येते. तुमच्या घरचा ताण हिच्या अंगात उतरला." मग मॅडम पोरीकडं वळल्या. "प्राची, तू बरी झालीस तर घरात काय बदलन?"

पोर फरशीकडं बघतच म्हणाली,

"आई चालली जाईन."

सोजराबाईनं पदर तोंडात धरला. ही गोष्ट तुळशीरामला ठाऊक होती. दर झटक्याला तो घाबरायचा, पोरीला उचलायचा, आणि तिला खाटेवर टाकताना मनात कुठंतरी हायसंही वाटायचं, की आज तरी बायको जात नाही. हा विचार कुणाच्या नजरेला पडेल म्हणून तो तेव्हा भिंतीकडं बघायचा.

मॅडमनी प्राचीला आपल्या शेजारी बसवलं. मधली खुर्ची रिकामी झाली. जे विचारायचं ते बायकोलाच विचारा, पोरीकडं बघू नका, असं त्यांनी सांगितलं. इथं तुळशीरामला दाबायला चक्कीचं बटण नव्हतं.

"तू जाशीन काय?" त्यानं विचारलं.

"जाईन. मले तिथं झोप तरी लागते."

"वापस येशीन?"

"ठाऊक नाही." सोजराबाई म्हणाली. "तुमी कधी माह्या बाजूनं बोलले नाही. आईच्याही बाजूनं बोलले नाही. मी कोणासाठी येऊ?"

प्राचीची बोटं वळू लागली. ते सगळ्यांना दिसलं. अंबूबाई पिशवीत कांदा चाचपू लागली. सोजराबाई अर्धी उठली. तुळशीरामला कळलं, की आता नुसतं 'पाह्य, पोरीले काय होऊन राह्यलं' एवढं म्हटलं तरी बायको राहील. शब्द जिभेवर आलेच होते.

तो पोरीसमोर उकिडवा बसला. तिचे हात त्यानं धरले नाहीत.

"बाई, आईचं जाणं-राहणं आमचं आमी पाहू. तुले त्याच्यापायी पडा लागत नाही." मग बायकोकडं न बघता तो म्हणाला, "तू जाय. मी रोकत नाही."

अंबूबाईचा हात पिशवीतच राहिला. प्राची रडू लागली, मोठ्यानं, लहान लेकरासारखी. बोटं वळलेली होती ती हळूहळू सुटली. पण ती पडली नाही.

दुपारी बसस्टँडवर सोनाळ्याच्या वाटेवरची खामगावची गाडी आधी लागली. सोजराबाईनं पोरीचे केस नीट केले, सासूच्या पाया पडली. शाळा बुडवू नको, म्हणाली. तुळशीरामनं तिला खिडकीजवळ जागा धरून दिली आणि खाली उतरला. गाडी वळली तेव्हा ती मागं बघत होती की नाही, हे त्याला ऊन डोळ्यांवर आल्यानं कळलं नाही.

जानेफळच्या गाडीत अंबूबाई पुढच्या बाकावर एकटीच बसली. प्राची बापाच्या खांद्यावर टेकली आणि थोड्या वेळानं तिची मान सैल पडली. तुळशीराम दचकला. त्यानं तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास कोमट होता, संथ होता. पोर झोपली होती.

तरी त्यानं गाव येईपर्यंत बोट काढलं नाही.