नथूला गाडी लागते

नथूला गाडी लागते, हे माले गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पौडची एसटी असो नाहीतर मुलाची मोटार, खिडकी नथूची. "मला गाडी लागती," एवढं म्हटलं की त्याचं काम झालं. गोजराबाईनं लग्नापासून सगळं जग पाहिलं ते नवऱ्याच्या कानाआडून. जेजुरीचा गड पाहिला, पण आधी तो केसाळ कान. आणि गंमत अशी, की एवढ्या वर्षांत नथू त्या खिडकीतून एकदाही ओकला नव्हता. बसला की दुसऱ्या वळणाला घोरायला लागायचा.

भातकापणी उरकली तशी भूगावात राहणाऱ्या कैलासनं, त्यांच्या थोरल्यानं, दोघांना नेरळला आणून माथेरानच्या झुकझुक गाडीत बसवून दिलं. "डोंगर बघत या. मी मोटार घेऊन वरच्या नाक्यावर थांबतो," म्हणाला. गोजराबाईनं मनाशी ठरवलं, आज खिडकी आपली. शंभर वर्षांची जुनी गाडी, पुन्हा कोण कशाला बसवतंय? तिनं पिशवी काखेत मारली आणि डब्याकडे धाव घेतली. पण नथू आधीच आत शिरून खिडकीला चिकटला होता.

"मला गाडी लागती," तो म्हणाला आणि नेरळची घरं मागे पडायच्या आत घोरूही लागला.

गोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोंगर फिरत होता, दरी उघडत होती, समोरच्या बाकावरच्या डोंबिवलीच्या बायका 'अय्या, अय्या' करत होत्या आणि हिला आपला कान.

जुम्मापट्टीला गाडी थांबली. चहाचा वास नाकात गेला तसा नथू जागा झाला, उतरला आणि टपरीच्या मागे जाऊन कुणाशी तरी भाताच्या गप्पा मारत उभा राहिला. गोजराबाई टुणकन खिडकीशी सरकली.

गार्ड आला. "चला, बसून घ्या. गाडी सुटतेय."

"काकू, काका राहिले ना!" समोरच्या डोंबिवलीकरणींतली स्नेहल म्हणाली. "फोन लावा."

"फोन हितं पिशवीत हाय."

"मग हाक तरी मारा!"

"अवं!" गोजराबाईनं घातली हाक, अगदी हळू. फलाटावरच्या तीन-चार नवऱ्यांनी माना वळवल्या. तिच्याचा पत्ता नव्हता.

"मावशी, नाव सांगा, मी ओरडतो," गार्ड म्हणाला.

"अगं बया! नवऱ्याचं नाव असं सुकंसुकं कसं घ्यायचं?"

खरं तर राग आला की गोठ्यात जाऊन ती त्याला खुशाल 'नथ्या' म्हणायची. पण ते फक्त म्हशींना ठाऊक.

"उखाणा, उखाणा!" डोंबिवलीकरणींनी टाळ्या पिटल्या. मग काय, गोजराबाईनं पदर डोक्यावर घेतला, घसा साफ केला. सुरू केला, विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. गार्ड कपाळाला हात लावून आपल्या डब्याकडे पळाला.

"माल्याचा इंद्रायणी, रिह्याचा आंबेमोहर,
झुकझुक गाडीत बसले मी खिडकीच्या समोर.
गाडीनं दिली शिट्टी, डोंगरानं दिली साद,
नथूरावांना सांगते, आता खिडकीचा सोडा नाद!"

"नथूराव!" सगळा डबा ओरडला. तोवर गाडी हलली होती. टपरीमागून नथू निघाला, हातात चहा, तोंडाचा आ. क्षणभर गाडीमागं धावला, मग रुळांचा वळसा पाहून सरळ डोंगराला भिडला.

वॉटर पाइप या पुढच्या स्टेशनात गाडी पोचली तेव्हा तो घामानं निथळत दगडावर बसला होता. धापा टाकत आत चढला.

"हाक मारता न्हाई आली?"

"मारली की! इचारा यांस्नी."

बायकांनी एका सुरात अख्खा उखाणा म्हणून दाखवला. नथू लालबुंद झाला. "बरं, सरक आता. मला गाडी लागती."

"कुटली गाडी? तुमी तर चालत आलाय."

डबा खो खो हसला. नथू मुकाट्यानं कडेला टेकला.

गोजराबाईला जराशी लाज वाटली, पण तोंडावर वारा आला आणि ती लाज उडून गेली. खाली दरी, दरीत धुकं, मधे काही म्हणता काही नाही. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

नथूनं मान लांबवली. त्याच्यापुढे नुसता तिचा अंबाडा. "काय दिसतंय गं?"

"मोर."

"कुटं?"

"गेला."

जरा वेळानं पुन्हा, "आता?"

"रानगवा. केवढा थोरला!"

"कुटं, कुटं?"

"तुमी इचारस्तोवर गेला की."

नथू हळहळला. पुढच्या वळणावर झाडीत खरोखरचं भेकर उभं होतं, तांबूस, एक पाय उचललेलं. भेकरानं गोजराबाईकडे पाहिलं. तिनं त्याला पोटभर पाहून घेतलं.

"आता काय हाय?" नथूनं विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "झाडं."