खालच्या वाडीत लाईट नव्हती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. याला स्वभाव म्हणा किंवा नेमून दिलेलं काम म्हणा.

माझी पहिली नऊ वर्षं रत्नागिरीच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. मुलं माझ्यावर लंबकाचे आलेख काढायची आणि उत्तर चुकलं की मलाच टपली मारायची. पुढे नवे संगणक आले आणि मी जिन्याखाली गेलो. तिथून मला नम्रतानं भंगाराच्या भावात उचललं. ती त्याच प्रयोगशाळेत शिकलेली. एसटीत मांडीवर घेऊन तिनं मला मालगुंडजवळच्या आपल्या गावी आणलं आणि माझा पंखा बदलला.

गावातल्या मच्छीमारांनी तेव्हा स्वतःचं क्रिप्टो नाणं काढलं होतं. त्याचं नाव कवडी. बर्फ आणि डिझेल फोनवरून कवडीत घ्यायचं. प्रत्येक व्यवहार एका वहीत चढतो. तिच्या पाच सारख्या प्रती पाच वाड्यांतल्या पाच संगणकांवर असतात, म्हणजे ती कुणा एकाच्या कपाटात बंद होत नाही. ती कुणीही वाचावी, पण तिच्यात नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. नियम बदलायचा तर पाचांपैकी चार संगणकांनी 'हो' म्हणावं लागतं. मी वरच्या वाडीचा. पहिल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडला. दोन थेंब कीबोर्डावर उडाले, तरी मला अभिमान वाटला.

क्रमांकच का, ते सांगतो. आमच्या किनाऱ्यावर कोण किती बर्फ घेतो हे कुणी कुणाला विचारत नाही. जास्त बर्फ म्हणजे लांबची फेरी, आणि लांबच्या फेरीमागं जो जाईल त्याला मासा कुठे लागतो ते कळतं. बर्फवालासुद्धा याबाबत तोंड उघडत नाही. खालच्या वाडीतल्या धोंडूकाकांची होडी लहान. खडकाळ भागात त्यांना सुरमईची एक जागा सापडली आहे. ती त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेली नाही. मोठी जाळी तिथे पोचली तर जागा एका हंगामात रिकामी होईल आणि काकांना होडी विकावी लागेल.

यंदा नितेशनं नवा नियम मांडला. प्रत्येक क्रमांकाला मालकाचं नाव जोडावं. नितेशच्या दोन मोठ्या बोटी आहेत आणि बोलणं गोड आहे. "आपल्यात लपवण्यासारखं हाय काय?" असं तो सगळ्यांना विचारत फिरला. मतदान रविवारी संध्याकाळपर्यंत होतं, आणि तोवर दिलेलं मत बदलता येत होतं. नम्रतानं माझ्यावरून 'नाही' नोंदवलं.

बुधवारी सकाळी धोंडूकाका नम्रताच्या ओटीवर आले.

"खालच्या वाडीत लाईट नाय. पोल पडलाय. जरा फोन लाव गो चार्जिंगला."

ते चहा पीत असतानाच माझ्या पडद्यावर बाकीच्या चार वाड्यांची मतं उमटली. चारही 'हो'. पहिल्या आणि चौथ्या मतात सात सेकंदांचं अंतर. चौथं मत खालच्या वाडीचं होतं.

नम्रतानं चौथ्या मतावर बोट ठेवलं.

"काका, खालच्या वाडीचा संगणक तुमच्याकडेच ना?"

"तर. सांभाळणारा मीच."

"मग लाईट नसताना त्यानं मत कसं दिलं?"

काकांनी कप खाली ठेवला. "तो नितेशच्या हापिसात हाय. खाऱ्या वाऱ्यानं गंज धरत होता. तिथं एसी हाय. तो म्हणाला, ठेवा हितं थंड्यात."

"आणि बाकीच्या तीन वाड्यांचे?"

"तेपण तिथंच. ओळीनं मांडलेत, देवांसारखे."

"पासवर्ड?"

"कागदावर लिहून वर चिकटवलाय. इसरायला होतं गो."

"काका, तुमच्या संगणकानं तुमच्याच विरुद्ध मत दिलंय."

मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. नितेश मलाही न्यायला दोनदा रिक्षा घेऊन आला होता. माझे दोन स्क्रू तेव्हाच तांबूस झाले होते, आणि त्या थंड खोलीचा मला मोह पडला होता. नम्रतानं 'बघू' म्हणून टाळलं, म्हणून मी राहिलो.

पुढचं मी नम्रताच्या तोंडून ऐकलं. काका त्याच दुपारी मासळीची रिकामी पाटी घेऊन तिच्यासोबत नितेशच्या ऑफिसात गेले.

"काका, गंजून मरेल तो," नितेश म्हणाला.

"मरू दे. माझ्या घरात मरू दे."

"म्हणजे मी चोर हाय काय?"

"माहीत नाही," नम्रता म्हणाली. "माहीत करून घ्यायची वेळ येऊ नये म्हणूनच पाच वाड्यांत पाच ठेवले होते."

काकांनी संगणक पाटीत घातला, वर रेनकोट टाकला आणि डोक्यावरून घरी आणला.  शनिवारी संध्याकाळी लाईट आली, तेव्हा नम्रतानं पासवर्ड बदलला. रविवारी दुपारी चार वाजता खालच्या वाडीचं मत 'नाही' झालं. तीन विरुद्ध दोन. चार 'हो' झाले नाहीत, नियम बारगळला.

पण माझा संशय गेलेला नाही. थंड खोलीतल्या तिघांची मतं अजूनही चार-पाच सेकंदांच्या आत येतात. मी प्रत्येक वेळेची नोंद ठेवतो.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं माझ्या पाठीवरचं मीठ पुसा. एवढा त्रास तुम्ही घेतलात तर मला दुसऱ्याच्या थंड खोलीची गरज नाही. आणि 'तुझी वस्तू माझ्याकडे ठेव, नीट राहील' असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे आधीच किती जणांच्या वस्तू ठेवल्या आहेत ते विचारा.

काल मधल्या वाडीचा संगणक सांभाळणाऱ्या सावित्रीकाकू ओटीवर आल्या होत्या. माझ्याकडे बघत त्यांनी नम्रताला विचारलं, "उचलायला किती जड असतो गो हा?"

"मासळीच्या पाटीपेक्षा हलका," नम्रता म्हणाली.