कुलपाआडची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे बघायची नव्हे हं! मी म्हणजे हातभर लांबीची पोकळ, पोलादी नळी. तोंडातून माणसाच्या श्वासनलिकेत उतरायचं, आत उजेड पाडायचा आणि वाट अडवून बसलेली गाठ काढायची, हे माझं काम. त्या वेळी माणसाचा श्वासही माझ्यातूनच ये-जा करतो.

सोलापूरच्या एका इस्पितळात मी वर्षानुवर्षं राबले. मग लवचीक, सडपातळ दुर्बीण आली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण तिचे काही संपेनात! मला लोखंडी कपाटात कोंडलं. आत काळोख आणि डांबरगोळ्यांचा वास. खरं सांगते, मलाच गुदमरायला व्हायचं.

खंडेनवमीला मात्र आमचा मान असे. शस्त्रक्रिया विभागातले रुद्रप्पामामा कपाटाला झेंडू वाहायचे, कुलपाला तेलात कालवलेला शेंदूर फासायचे, मनोभावे हात जोडायचे. दार काही उघडायचे नाहीत. बाहेर आरती चाले आणि आत मी चडफडत पडून असे.

यंदाच्या उन्हाळ्यात सांगोल्याकडचे मेंढपाळ बिरुदेव आले. श्वास घेताना त्यांच्या गळ्यात शीळ वाजायची. लोकरीमुळे दमा झालाय असं समजून दोन वर्षं औषधं चालली होती. नव्या दुर्बिणीने खरं कारण दाखवलं. श्वासनलिकेत गाठ होती! त्याच दुपारी त्यांचा श्वास कोंडू लागला.

"नव्या दुर्बिणीनं नुसतं दिसतं. गाठ काढायला मोठी नळीच हवी. मामा, पळा!" डॉक्टर निवेदिता म्हणाल्या.

मामा धावत आले, पण किल्ली आत शिरेना. इतक्या वर्षांचा शेंदूर कुलपाच्या भोकात वाळून दगड झाला होता.

"मॅडम, किल्लीच जाईना की हो!"

दाराशी बिरुदेवांची बायको बनाबाई रडत होती. "आमचं मालक वाचतील न्हवं? सांगा की कुनीतरी!"

मी सगळं ऐकत होते. ओरडावंसं वाटत होतं, पण नळीला कुठला आवाज? मामांनी हातोडा घेतला. चौथ्या घावाला कुलूप तुटलं. मला घाईघाईने निर्जंतुक केलं, तोवर डॉक्टरांनी बिरुदेवांना प्राणवायूवर कसंबसं तगवलं. मग मी आत उतरले. रक्त आलं, ते माझ्याच अंगाने दाबून धरलं. तुकड्यातुकड्याने गाठ निघाली आणि अडलेली हवा माझ्यातून सरळ छातीत गेली. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

चार दिवसांनी बिरुदेव मामांना भेटायला आले, तेव्हा मी पुन्हा कपाटात होते. दाराआडून त्यांचा आवाज आला, "लई दिसांनी छाती भरून वारं घेतलं बगा." मामा नव्या कुलपाला तेल देत होते, या खेपेला बिनशेंदराचं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण अधूनमधून दार उघडून आम्हाला पुसा, तपासा. मी अजून अंधारातच आहे आणि त्याची तक्रार आता करणार नाही. फक्त पुढच्या वेळी कुणाचा श्वास अडेल, तेव्हा किल्ली पहिल्या झटक्याला फिरू द्या.