नाकाला चिमटा

आमच्या घरात सगळ्यात जास्त मान कुणाला, तर ह्यांच्या नाकाला. माणूस म्हणून हे तसे साधे आहेत. पुढ्यात येईल ते जेवतात, स्वतःचे मोजे स्वतः धुतात, माझ्या आईशी फोनवर माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलतात. पण नाकाचा विषय निघाला की संपलं. फ्रीजचं दार पुरतं उघडायच्या आत "दूध उद्या नासणार" म्हणून सांगतील. आणि वैताग हा, की दूध दुसऱ्या दिवशी खरंच नासायचं.

या नाकाच्या जिवावर ह्यांनी चांगली नोकरी सोडून बिअरचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक जुनं गॅरेज. मधोमध गटार, एका अंगाला पायरी बांधलेला मोठा हंडा, मागे बिअर आंबायला ठेवायच्या टाक्या आणि भिंतीशी रचलेली पिंपं. पिंपं मी धुते, गाडी मी चालवते, बारवाल्यांशी गोडही मीच बोलते. सासूबाई बाटल्यांना लेबलं चिकटवतात आणि औषध म्हणून रोज अर्धा ग्लास घेतात. त्यांना नेमकं काय झालंय, ते अजून कुठल्याच डॉक्टरला कळलेलं नाही.

बाकीचे बिअरवाले हॉप्स तोलून टाकतात. हॉप्स म्हणजे एका वेलाची वाळवलेली फुलं. बिअरला कडवटपणा त्यांचाच आणि वासही त्यांचाच. तराजू आमच्याकडेही आहे, पण त्यावर मांजर झोपतं. हे उकळत्या हंड्याशी पायरीवर उभे राहतात, मूठभर फुलं टाकतात, डोळे मिटून वास घेतात, पुन्हा मूठ टाकतात. मग कधीतरी हात वर करून ओरडतात, "आला!" आला म्हणजे वास जिथे यायला हवा तिथे आला. तिथे म्हणजे कुठे, ते विचारायची सोय नाही. एकदा मी खालूनच वास घेऊन म्हटलं होतं, "अहो, मला वाटतं अजून थोडं चालेल."

"अगं, तुझं नाक चष्मा टेकवायला आहे," हे म्हणाले.

सासूबाईसुद्धा हसल्या. त्या रात्री मी दोघांना अळणी जेवायला घातलं. मीठ कमी आहे हे नाकाला कळत नाही.

तर असं बरं चाललं होतं, तोवर गावात टायवाला आला. हा मोठ्या कंपनीचा विक्रेता. तो बारवाल्यांना फुकट फ्रीज द्यायचा, बाहेरच्या टेबलांवर लावायला छत्र्या द्यायचा, आणि बदल्यात बारवरचे बिअर ओतायचे सगळे नळ स्वतःच्या बिअरला मागायचा. एकेक बार त्याच्या छत्रीखाली गेला. आमच्याकडे उरला फक्त कोपऱ्यावरच्या बारमधला एक नळ. तिथला मालक इतकं कमी बोलतो, की आम्ही त्याला मौनी म्हणतो. हा नळ गेला की गॅरेजला कुलूप लागणार, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. ह्यांच्या जुन्या साहेबांनी निरोप पाठवला होता, परत या म्हणून. एकदा मी ह्यांना ऑफिसचा जुना शर्ट कपाटातून काढून बघताना पाहिलं.

त्यात भर म्हणून ह्यांना सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाकाचा टोमॅटो करणारी. आणि नेमका बिअर करायचा दिवस.

"अहो, आज राहू द्या," मी म्हटलं.

"बाझं दाक ठीक आहे," हे म्हणाले.

ठीक असलेलं नाक घेऊन हे पायरीवर चढले. मूठ टाकली, वास घेतला. पुन्हा मूठ. पुन्हा वास. एरवी जे काम झटक्यात व्हायचं ते इतकं लांबलं, की लेबलं चिकटवता चिकटवता सासूबाईंना डुलकी लागली. शेवटी एकदाचं "आला!" ऐकू आलं, तोवर हॉप्सचं पोतं चांगलंच खाली गेलं होतं.

पुढे सर्दी गेली. टाकीतली बिअर तयार झाली, आणि हे चव घ्यायला बसले. पहिल्याच घोटाला चेहरा पडला.

"गटारात ओत."

"आणि बारवर काय पाठवू? गटार?"

दुसरं काही तयारच नव्हतं. मी पिंपं गाडीत चढवली. "नाक कापलंस माझं," हे दारातून म्हणाले. मी म्हटलं, ते सध्या तसंही उपयोगाचं नाही.

दोन-चार दिवसांत मौनीचा फोन आला. त्याने स्वतःहून फोन केला, म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार असंच मला वाटलं.

"संपली," तो म्हणाला. "तीच पाठवा."

मी आनंदाने पुढची पिंपं पोचवली. पण ती होती मोकळ्या नाकाची बिअर. एरवी त्याच बारमध्ये हीच बिअर लोक मुकाट्याने प्यायचे. आता मात्र पहिला घोट घेऊन माणसं ग्लासाकडे बघायला लागली. "ही ती नाही," म्हणाली. आणि नेमका टायवाला तिथे बसलेला. "आमची कशी, बारा महिने तेरा काळ एकसारखी," असं म्हणत त्याने मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. त्याच्या छत्र्यांपेक्षा मला त्या स्टुलाचा जास्त राग आला.

मौनीने काउंटर पुसला, फडकं पिळलं आणि जन्मात बोलला नसेल इतकं बोलला. "वहिनी, पुढच्या पिंपात तीच असली, तर नळ तुमचा. नाहीतर..." आणि त्याने टायवाल्याकडे पाहिलं.

घरी येऊन मी ह्यांना विचारलं, "त्या दिवशी किती मुठी टाकल्या होत्या?"

"मुठी मोजून टाकायला मी काय चकल्यांची भाजणी करतोय?"

"मग अंदाज तरी सांगा."

"अंदाज नाकात असतो. आणि नाकात त्या दिवशी दुसरंच काहीतरी होतं."

"त्यात काय एवढं?" सासूबाई लेबल चाटत म्हणाल्या. "पुन्हा सर्दी करून घ्यायची."

मी हसले. हे हसले नाहीत. खुर्चीत बसून राहिले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे मी चांगल्या नाकाने केलं ते कुणाला नको. बिघडलेल्या नाकाने केलं ते हवं." आयुष्यभर चेष्टा करावी असा माणूस, पण तेव्हा मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी चहा करून दिला आणि चहाबरोबर आइस्क्रीम.

मग सर्दीची साधना सुरू झाली. हे थंड पाण्याने आंघोळ करून ओल्या केसांनी पंख्याखाली बसायचे. ओले मोजे घालून गॅरेजभर फिरायचे. एरवी शेजारी कुणी खोकलं तरी ज्यांना ताप यायचा, ते आता दिवसेंदिवस टवटवीत दिसायला लागले. गाल तर असे, की सासूबाईंनी दृष्ट लागेल म्हणून काळजी केली. शेवटी पलीकडच्या दुकानातल्या शिंप्याला सर्दी झाल्याचं कळलं, तेव्हा आम्ही त्याला चहाला बोलावून ह्यांच्या समोर बसवलं. तो बिचारा सारखा रुमाल शोधत होता.

"दादा, लाजू नका," मी म्हटलं. "मोकळेपणाने शिंका. घर आपलंच आहे."

शिंपी मनसोक्त शिंकला. सर्दी झाली सासूबाईंना. औषध अर्ध्या ग्लासावरून पूर्ण ग्लासावर गेलं.

बिअर आंबायला वेळ लागतो, त्यामुळे आता थांबून चालणार नव्हतं. हंडा चढला, उकळी फुटली, आणि ह्यांचं नाक अगदी लख्ख. हे पायरीवर उभे राहून मला सांगत होते, की बाहेर कुणीतरी सायकलच्या चेनला तेल घालतंय. तेवढ्यात सासूबाई दोरीवरचे कपडे काढून आत आल्या. त्यांनी पोराच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, हातातला कपड्यांचा चिमटा उघडला आणि त्याच्या नाकाला लावला.

"घे सर्दी," त्या म्हणाल्या आणि स्वतः शिंकल्या.

हे इतके चकित झाले, की चिमटा काढायचंही त्यांना सुचलं नाही. मूठ टाकली. पुन्हा टाकली. पुन्हा. आणि मग आमच्या लक्षात आलं, की आमची अक्कल कुठे चरायला गेली होती. सर्दीत उशिरा का होईना, थोडा तरी वास लागतो. चिमट्यातून काहीच लागत नाही. असं चाललं असतं तर पोतं संपेपर्यंत हे मुठीच टाकत बसले असते. त्यांची मूठ हंड्यावर अधांतरी थांबली.

"बला काहीच येत दाही," हे म्हणाले.

डोळ्यांत पाणी होतं. चिमट्याचं असेल. मी तसं धरून चालले.

"काढा मग तो."

"काढला तर बी दुसरीकडेच थाबेद." मग ते माझ्याकडे वळले. "तू होतीस दा त्या दिवशी?"

"इथेच होते. फरशी धूत होते."

"वास आठवतो?"

आठवतो म्हणजे? दोन दिवस तो माझ्या केसांत होता. वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या गवताचा, आणि मागून घशात चढणारा कडूपणा. मला तेव्हाच आवडला होता, पण मला विचारलं कुणी होतं?

हे पायरीवरून खाली उतरले आणि बाजूला झाले. इतक्या वर्षांत त्या पायरीवर दुसरं कुणी चढलं नव्हतं, मांजरसुद्धा नाही.

"तूच साग," हे म्हणाले.

मी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, कारण वाफेने तो धुरकट होतो, आणि वर चढले. वाकून वास घेतला.

"अजून."

ह्यांनी मूठ टाकली.

"अजून."

ह्यांचं तोंड वाकडं झालं, पण टाकली.

"अजून एक. एवढी नको, जरा कमी."

फुलं वर तरंगली, फिरली, खाली गेली. आणि एकदम मला तो फरशी धुण्याचा दिवस जसाच्या तसा समोर दिसला. चुकले असते तर नळ गेला असता, आणि कपाटातला शर्ट बाहेर आला असता.

"आला!" मी अशी ओरडले, की मांजर तराजूवरून खाली पडलं.

बिअर तयार व्हायला लागायचा तेवढा वेळ लागला. त्या काळात आम्ही दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागत होतो, दवाखान्याबाहेर बसलेली माणसं वागतात तसे. मग पिंप मौनीकडे गेलं, आणि या वेळी हेही बरोबर आले. टायवाला होताच. या वेळी त्याने स्टूल ह्यांना दिलं.

मौनीने ग्लास भरला. घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, काउंटर पुसला. पुन्हा घोट घेतला. हे माझा हात इतका घट्ट धरून होते, की बोटं दुखायला लागली.

"तीच," मौनी म्हणाला.

बस, एवढंच. नळाच्या वर बिअरचं नाव लिहायची काळी पाटी असते. ह्यांनी गाडीत येताना एक भारदस्त नाव ठरवून ठेवलं होतं, पण मौनीने खडू उचलला आणि गिऱ्हाइकं जे मागायची तेच लिहिलं: 'तीच'. टायवाल्याने टाय सैल केला, आणि एक ग्लास मागवला.

घरी आल्यावर ह्यांनी तराजूवरच्या मांजराला उगाच दूध घातलं. चांगलं होतं दूध.

पुढचा हंडा चढला तेव्हा मी मागे पिंपं धूत होते. ह्यांचं नाक ठणठणीत होतं. सकाळीच शेजारच्यांच्या घरी काय करपलं ते त्यांनी सांगितलं होतं. उकळी फुटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग हाक.

"ऐक दा!"

वळून बघते तर हे पायरीच्या बाजूला उभे. पायरी रिकामी, एका हातात हॉप्सची मूठ, आणि नाकाला चिमटा. त्या चिमट्याची आता काही गरज नाही. मोकळ्या नाकानेही मला विचारता येतं, पण तेवढं ह्यांना अजून जमत नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. ह्यांनी तर बिचाऱ्यांनी स्वतःच्या हातानेच दाबून घेतलं होतं.

मी हात पुसले, चष्मा काढून त्यांच्या मोकळ्या हातात दिला आणि पायरीवर चढले.