जांभळा कान

टेलरकाकूंचं मांजर हरवलं तेव्हा त्यांना दुःख झालं होतं. आठव्या दिवशी त्याचा पत्ता लागला, तेव्हा मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काकू गेली सव्वीस वर्षं एकाच गाळ्यात बायकांचे कपडे शिवत होत्या. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. त्या खोल्यांत काकू, त्यांच्या मोठ्या नणंदबाई आणि बॉबिन. बॉबिन म्हणजे नऊ वर्षांची करडी मांजरी. पिल्लू असताना मशीनच्या बॉबिनांच्या डब्यात झोपायची, म्हणून ते नाव पडलं. नवरा गेल्यावर काकूंना बोलायला या दोघीच उरल्या होत्या. "आणि त्यातली एकच माझं ऐकून घेते," असं काकू वन्संच्या तोंडावर म्हणायच्या.

बॉबिनच्या कानाला जखम झाली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी जांभळं औषध दिलं, दिवसातून दोनदा लावायला. गळ्यातला पट्टा जखमेला घासतो म्हणून तोही काढायला सांगितला. काकूंनी चार दिवस अंगावर ओरखडे झेलत सगळं केलं. पाचव्या दिवशी मागच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटली आणि बॉबिन पसार झाली.

दोघींनी गल्ली न् गल्ली पालथी घातली. वन्सं गुडघे विसरून उभ्या गाड्यांखाली वाकल्या. तिसऱ्या दिवशी काकूंनी मांजरांच्या निवाऱ्यातही फोन केला. चार हौशी माणसांनी मिळून चालवलेला, पगार नाही, पाटी नाही, असा तो निवारा.

"फोटो पाठवा," फोन उचलणारी मुलगी म्हणाली.

"माझ्या फोनला फोटो नाही गं काढता येत. करडी आहे, उजवा कान जांभळा—"

"काकू, करडी इथे वीस आहेत. नेटवर आमचं पान आहे, तिथे बघत राहा." आणि फोन बंद.

आठव्या दिवशी एक शिक्षिका बाह्या घट्ट झाल्या म्हणून आल्या. भिंतीवरचा बॉबिनचा फोटो बघून आणि जांभळ्या कानाची हकिकत ऐकून त्या थबकल्या. "काकू, ही तर ती मांजर! बिचारी ती!" त्यांनी आपला फोन पुढे केला.

निवाऱ्याच्या पानावरच्या फोटोत बॉबिनच होती. कुणाच्या तरी सोफ्यावर, कान पाडून बसलेली. खाली लिहिलं होतं: 'या मुक्या जिवाला कुणा निर्दयी मालकाने रंग फासून रस्त्यावर टाकलं. आज तिला प्रेमळ घर मिळालं.' आणि त्याखाली तीनशे माणसांचे शिव्याशाप. असल्यांचे हात तोडा. असल्यांना पोरंबाळं होऊ नयेत. मालकाच्या तोंडाला काळं फासा.

काकूंनी टेप गळ्यातून काढला, त्याची घडी केली, मशीनवर ठेवली.

"वन्सं, दुकान बघा."

"मी पण येते."

"तुम्ही आलात तर मला बोलायला मिळणार नाही."

डॉक्टरांचा कागद पर्समध्ये कोंबून काकू निघाल्या.

निवारा म्हणजे एका जुन्या बंगल्याचं गॅरेज होतं. आत फिनेलचा वास, भिंतीला लावलेले पिंजरे, प्रत्येकावर चिकटपट्टीने लावलेलं नाव. जागा स्वच्छ होती. काकूंनाही ते कबूल करावं लागलं, आणि त्याचाही त्यांना राग आला. कोपऱ्यात एक निवृत्त नर्सबाई बाह्या सरसावून वाळूचे ट्रे घासत होत्या. टेबलाशी मॅडम बसल्या होत्या. निवारा त्यांनीच सुरू केला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातांवर ओरखडे, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा.

काकूंनी सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकलं, पण निम्मं लक्ष फोनमध्ये.

"गळ्यात पट्टा नव्हता. पाच दिवस वाट बघतो आम्ही. नंतर घर मिळालं तर देऊन टाकतो. नियम आहे."

"मी तिसऱ्या दिवशी फोन केला होता."

"सगळेच म्हणतात असं. रोज एक जण मांजर खोक्यात घालून दाराशी ठेवून जातो, आणि महिन्याने येऊन म्हणतो, माझी होती."

"मी सगळी नाही. हा डॉक्टरांचा कागद. तारीख बघा, औषध बघा. रंग फासला म्हणे! रंग आणि औषध यांतला फरक कळत नाही, आणि सुतावरून स्वर्ग गाठता?"

मॅडमनी कागद वाचला आणि पालथा ठेवला. "हे बघा, आमच्याकडून गैरसमज झाला असेल. मांजर दिसली तशी आम्ही लिहिलं. हे औषध असेल असं इथे कुणाच्या मनातही आलं नाही."

ट्रे घासण्याचा आवाज थांबला.

"मी सांगितलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. त्या उठल्या, ओले हात पदराला पुसत पुढे आल्या. "पहिल्याच दिवशी. म्हटलं, हे जखमेचं औषध आहे, कुणीतरी निगुतीनं लावलंय, म्हणजे कुणीतरी शोधत असणार. तुम्ही म्हणालात, तसं लिहिलं तर कोण वाचणार?"

डाव्या हाताच्या पिंजऱ्यात एक काळा बोका घसा फाडून ओरडत होता.

"त्या एका मजकुरामुळे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सात मांजरांना घरं मिळाली. सात. नुसतं 'मांजर देणे आहे' लिहिलं की कुत्रं विचारत नाही."

"म्हणून माझे हात तोडायचे?" काकूंचा आवाज चढला. "बाई, सव्वीस वर्षं या हातांनी लोकांचे कपडे शिवलेत. त्याच हातांनी तिचा कान धुतला. आणि तीनशे माणसं त्यांना शाप देतायत, तुम्हाला वाचणारे हवेत म्हणून! मांजर तर मी नेणारच. पण ते लिहिलेलं आधी खोडा, आणि खरं काय ते लिहा."

मॅडमनी फोन लावला. पलीकडचं कुटुंब भलं होतं. मांजर आल्यापासून कपाटाखालून बाहेर आलेली नाही, तीन दिवस नीट खाल्लेलं नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि संध्याकाळी स्वतःच टोपलीतून तिला दुकानात आणून दिलं. बॉबिन टोपलीतून उतरली, वन्संच्या पायांवरून चालत गेली आणि कापडाच्या ढिगावर जाऊन झोपली. वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "झालं, गंगेत घोडं न्हालं. आता शांत हो, वहिनी."

पण काकू शांत झाल्या नाहीत. शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी फोन उघडून दाखवला. मजकूर गायब झाला होता. त्याच्या जागी एक ओळही नव्हती.

"खोडलं की," वन्सं म्हणाल्या.

"खोडलं म्हणजे काय? कापड चुकीचं कापायचं आणि तुकडे लपवून ठेवायचे? लोकांच्या डोक्यातून खोडलं का?"

रविवारी निवाऱ्यात लोकांना मांजरं बघायला बोलावलं होतं. काकू सकाळी दहाला फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आल्यागेल्याला कागद दाखवून, ना आवाज चढवून ना शिवी देऊन, सगळं सांगू लागल्या. काहींनी मान हलवली, काहींनी वाट बदलली. एक म्हातारा म्हणाला, "मांजरावरून एवढं?" काकूंनी त्याला दोनदा सांगितलं.

मग एक तरुण जोडपं आलं. सगळं ऐकून मुलगी नवऱ्याला म्हणाली, "असल्या खोटारड्यांकडून नको घ्यायला." दोघं मागे वळली.

"अहो, कुठे चाललात?" काकूंनी चक्क तिचा दंड धरला. "खोटं बाईंनी लिहिलं. आतल्या मांजरांना लिहिता येतं का? आत जा. डाव्या हाताला एक काळा बोका आहे, आवाज वाईट, पण तब्येतीने चांगला. त्याला बघा. आणि बघून झालं की मॅडमना विचारा, खरं कधी लिहिणार."

जोडपं आत गेलं. फाटकाच्या आत मॅडम उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या आणि काकूंच्या समोरच उभ्या राहून फोनवर लिहू लागल्या. पहिल्यांदा 'काही गैरसमजामुळे' असं लिहिलं. काकूंनी त्यांना मोठ्याने वाचायला लावलं.

"गैरसमज नाही. तुम्हाला माहीत होतं."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी ते खोडलं. मग लिहिलं: 'त्या मांजरीचा कान औषधाने जांभळा होता. हे आम्हाला सांगितलं गेलं होतं, तरी आम्ही खोटं लिहिलं. तिच्या मालकीणबाई तिला शोधत होत्या. त्यांची माफी मागते.'

"बास?" मॅडमनी विचारलं.

"बास," काकू म्हणाल्या आणि घरी आल्या.

आठवड्याभरात ती माफी एकोणीस जणांनी वाचली. हात तोडायला निघालेल्या तीनशेंपैकी एकही फिरकला नाही. काळ्या बोक्याला मात्र त्या जोडप्याने नेलं, असा नर्सबाईंचा फोन आला.

"आता तरी गेला का राग?" वन्संनी विचारलं.

"नाही," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "एकोणीस म्हणजे काय, वन्सं? एकोणीस?"