आठ चॅनेलचा मिक्सर

उल्हास भाकरे यांनी तीस वर्षं जबलपुरातल्या लग्नांत, नाटकांत, गणेशोत्सवांत साउंड सांभाळला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी मोठं सामान विकून टाकलं आणि चेरीतालच्या घरात, मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, छोटा स्टुडिओ उभा केला. माइक होते, कॉम्प्युटर होता. मिक्सर तेवढा घ्यायचा राहिला होता.

बायकोला, मेघाला, घेऊन ते बड्या फुहाऱ्याजवळच्या दुकानात गेले. परवडण्यासारखे दोनच निघाले, दोन्ही एकाच किमतीचे: एक नवा, चार चॅनेलचा, दुसरा वापरलेला, आठ चॅनेलचा, दिसायला भारदस्त.

"चारमध्ये काय होते? तबला, पेटी, गाणारा, झालं खतम," उल्हास म्हणाले. त्यांनी जुन्याला माइक जोडला, हेडफोन चढवले, गेनचं बटण फिरवून आवाज वाढवला. "एकदम साफ. ऐक तू."

मेघाने हेडफोन कानाला लावले. आवाजामागे एक बारीक सूंऽऽ सतत चालू होती. तिने चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

"भाभीजी, भैया के कान का क्या कहना," दुकानदार म्हणाला. "पूरा शहर जानता है."

मेघाला वर्षभरातलं एकेक आठवलं. वाजत राहिलेला मोबाइल. तिने दोनदा सांगितलेल्या गोष्टी. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज.

"अहो, नवाच घेऊ. गॅरंटी आहे त्याला."

"गॅरंटी नवशिक्यांना लागते."

दुकानदारासमोर ती पुढे बोलली नाही. जुना मिक्सर घरी आला. त्यानंतरही ती रोज सांगायचं ठरवायची, आणि रोज राहून जायचं.

पहिलं काम घेऊन आली अस्मिता, कॉलेजात नुकतीच बदलून आलेली प्राध्यापिका. तिची आई इंदूबाई अमरावतीहून महिनाभर राहायला आली होती. ऐंशीच्या पुढचं वय, पण लहानपणच्या अकरा ओव्या पाठ होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची परतीची गाडी होती.

इंदूबाई हळू आवाजात गायल्या. उल्हासनी गेन वाढवला, आणखी वाढवला. मध्ये दोनदा पाणी पिऊन, दम घेऊन त्यांनी अकराही ओव्या पुऱ्या केल्या. मेघा दाराशी उभी राहून ते गेनचं बटण फिरताना पाहत होती.

तीन दिवसांनी अस्मिताचा फोन आला. "काका, रागवू नका. पण आईच्या मागे काहीतरी वाजून राहिलं. तिचे शब्दच बुडतात. हे काढता येईल का?"

उल्हासनी फाइल लावली. पुन्हा लावली. मग हेडफोन मेघाकडे दिले.

"तुला येऊन राहिलं ऐकू?"

"हो."

"दुकानातही?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली काहून नाही?"

"त्या माणसासमोर कशी बोलू? आणि घरी... घरी धीर झाला नाही."

"माझी इज्जत वाचवली तू," ते म्हणाले. "आणि त्या बाईचं गाणं गेलं."

त्यांनी सूं काढायचा प्रयत्न केला. पण त्या सूंसोबत इंदूबाईंचा आवाजही पातळ होत गेला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

तपासणीत दोन्ही कानांतले वरचे सूर गेलेले निघाले. "मशीन लावता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण गेलेलं परत येणार नाही." दुकानदाराने मिक्सर परत घेतला नाही. उल्हासनी दोन जुने माइक विकले आणि तो चार चॅनेलचा आणला. मग अस्मिताला सगळं खरं सांगितलं, आणि तिने, आई ज्याच्याकडे राहायची त्या भावाचा पत्ता दिल्यावर दोघं सामान घेऊन अमरावतीच्या गाडीत बसले.

इंदूबाईंच्या पलंगाजवळ मिक्सर मांडला. हेडफोन मेघाच्या कानावर होते. ती बोटाने खूण करायची, तसा उल्हास गेन कमी-जास्त करायचे. खुणेसाठी तिच्याकडे पाहावं लागतं, याचा सल त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मागे काहीच वाजत नव्हतं.

सात ओव्या झाल्या. आठवीच्या पहिल्या शब्दावर इंदूबाई थांबल्या. छताकडे पाहत पुढचे शब्द शोधू लागल्या.

"पुढच्या जबलपुरात म्हटल्या होत्या ना मी?"

"हो आजी," उल्हास म्हणाले. "अकराही म्हटल्या होत्या."

"मग आहेत ना त्या तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या आणि समाधानाने उशीवर टेकल्या.

उल्हासनी मेघाकडे पाहिलं नाही. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि माइकची वायर गुंडाळायला घेतली.