लखमाचं ताट

लखमाच्या यकृतातली कर्करोगाची गाठ मुंबईच्या डॉक्टरांनी भातकापणीआधीच कापून काढली होती. जखम भरली, भूक परतली, टोकावड्याच्या नाक्यावर चहा प्यायलाही तो जाऊ लागला. परतलं नव्हतं ते त्याचं ताट.

काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं अंगात दबा धरून होता, त्यातूनच गाठ झाली, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीपासून रोज एक गोळी लावली आणि नंतरही ती सोडायची नाही, असं बजावलं. सून अनितानं त्यातलं एवढंच ऐकलं, की हा रोग लागतो. घरी येताच तिनं सासऱ्याचं ताट नि तांब्या ओटीवर वेगळा मांडला. नात राही आजवर आजाच्याच ताटात जेवायची. आता ती चुलीपाशी बसून मान वळवून वळवून बघायची, आणि इकडे लखमा अर्धी भाकरी तशीच ठेवून उठायचा.

डोकं लखमाला होतं, पण ते भलत्याच बांधावरून चालायचं. गोळी आहे तोवर रोग आहे. गोळी सुटली की ताट आत, असं त्यानं ठरवलं. मग काय, रोजची गोळी चुलीच्या राखेत जाऊ लागली.

पुढच्या तपासणीत पितळ उघडं पडलं. विषाणू पुन्हा वाढला होता.

"गोळी घेता ना, बाबा?" बाईंनी विचारलं. मुलगा हरेश आणि अनिता शेजारीच उभे होते.

लखमानं मान खाली घातली. "गोळी हाय तवर माजी नात माज्या ताटात बसत नाय, बाय."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एका ताटात जेवून नाही हो लागत हा! रक्तातून लागतो. दाढी कशानं करता?"

"वस्तरा हाय ना. माजा नि हरेसचा येकच."

हरेशचा हात गालावर गेला. अनिता पांढरीफटक पडली. ताट वेगळं केलं, आणि वस्तरा मात्र एकच!

तिथेच हरेशचं रक्त घेतलं. अहवाल येईपर्यंत अनितानं पाण्याचा घोट घेतला नाही. हरेशला काही नव्हतं. त्याला आणि तिला लस सुरू झाली, राहीला तर जन्मतःच मिळाली होती. "गोळी पुन्हा सुरू करा, यकृत सावरेल. गाठ परतायचा धोकाही कमी होईल," बाई म्हणाल्या. "पण आता चुकवायची नाही."

त्या संध्याकाळी भिंतीला दोन खिळे ठोकले गेले, एक लखमाच्या वस्तऱ्याला, एक हरेशच्या नव्या वस्तऱ्याला. मग अनितानं ओटीवरचं ताट उचलून चुलीपाशी आणलं. राही बोलावण्याआधीच येऊन बसली. अनिताही खाली बसली आणि लखमाच्याच भाकरीचा तुकडा मोडून तिनं तोंडात घातला. सुनेनं सासऱ्याच्या ताटात हात घालावा, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

"चुकला माजा, बाबा," ती म्हणाली. "आता गोळी घ्या. माज्यासमोर."

लखमाचे डोळे भरून आले. त्यानं गोळी जिभेवर ठेवली, अनिताला दाखवली आणि गिळली. तेवढ्यात राहीनं उरलेली भाकरी पळवली.